पाळी संपायच्या आधीची दहा मिनिटं: नोकरीत पुढे नेणाऱ्या सवयी लावायच्या कशा

मी २००३ साली मेकॅनिकलचा डिप्लोमा करून भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. आमच्या तुकडीत अकरा जण होतो. मार्क सगळ्यांचे उन्नीस-बीस आणि घरची परिस्थितीही साधारण सारखीच. आज त्यातला कोण कुठे आहे हे बघतो तेव्हा एक गोष्ट फार ठळकपणे दिसते. पहिली दोन वर्षं मार्क, इंग्रजी, बोलण्यातली सफाई यांचा उपयोग झाला. त्यापुढे बढती त्यांनाच मिळत गेली, ज्यांच्यावर काम टाकून साहेब निर्धास्त घरी जाऊ शकत होते. भरवशाचा माणूस अशी ओळख झाली की पगार, पद, नवीन मशीन, परगावच्या प्रशिक्षणाला पाठवणं हे सगळं त्यामागून येतं.

असा भरवसा रोजच्या चार-पाच बारीक सवयींतून तयार होतो, आणि त्या सवयी ठरवून लावता येतात. त्या कशा लावायच्या ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणं कारखान्यातली आहेत, कारण माझं आयुष्य तिथे गेलं. पण बँकेत, दवाखान्यात किंवा सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पायरी पहिली: आठ दिवस नुसतं बघा

नवीन सवय लावायची घाई करू नका. आधी आठ दिवस आपण काय करतो ते बघा. खिशात मावेल असा कागद ठेवा आणि दिवसभरात कोणाला काय 'करतो' म्हणालात तेवढंच त्यावर लिहा. 'काका, गेज आणून देतो', 'साहेब, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत देतो', 'बघतो', 'सांगतो'. घरी जाताना त्यातलं जे झालं त्यावर काट मारा.

माझ्या पहिल्या कागदावर बारा 'करतो' होते आणि पाचांवर काट होती. उरलेल्या सातांपैकी चार मी चक्क विसरलो होतो. कामचुकारपणा म्हणावा तर तसं काही नव्हतं, पण समोरच्या माणसाला दोन्हीतला फरक कळायचा कसा? त्याच्या लेखी मी शब्द देऊन न पाळणारा माणूस होतो. हा कागद बघून पोटात खड्डा पडतो आणि तो पडू द्यावा. पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं.

आठ दिवसांनी दुखणं नेमकं कुठे आहे ते दिसायला लागतं. कोणी विसरतो, कोणी उशिरा सांगतो, कोणी विचारायला लाजतो, कोणाचा वेळ मोबाइलमध्ये जातो. चारही दुखणी एकदम धरायची नाहीत. एक निवडायचं.

पायरी दुसरी: एकच सवय, आणि तिला खुंटी

'उद्यापासून रोज लिहिणार' हा निश्चय सहसा चौथ्या दिवशी गळतो, कारण तो कुठे अडकवलेलाच नसतो. सवयीला खुंटी लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली हीच गोष्ट मांडली: 'अमुक घडलं की मी तमुक करीन' असं आधीच ठरवून ठेवलं तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. माझी खुंटी होती दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर. तो डबा ठेवून मशीनकडे येताना दिसला की मी वही उघडायचो. घड्याळ बघावं लागत नसे आणि आठवणही ठेवावी लागत नसे. तुमची खुंटी वेगळी असेल: कंपनीची बस हायवेला लागणं, जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा, संगणक बंद करण्याआधीचा क्षण. ती रोज घडणारी आणि तुमच्या मर्जीवर नसलेली घटना असावी, एवढंच.

'एकवीस दिवसांत सवय लागते' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. ते डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. रोजची एखादी साधी गोष्ट आपोआप व्हायला लागण्यासाठी त्यात सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं. माणसामाणसांतला फरकही मोठा होता, अंदाजे १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे महिनाभराने जड वाटत असेल तर तुमच्यात काही खोट नाही. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. आपली बरीच मुलं एका चुकलेल्या दिवसापायी अख्खी सवय सोडून देतात.

पायरी तिसरी: वही

एकच सवय लावायची असेल तर मी ही सांगेन. दोनशे पानी साधी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. बऱ्याच कारखान्यांत आत मोबाइल नेता येत नाही, आणि नेता आला तरी तो हातात धरलेला माणूस काम करतोय असं कोणालाच वाटत नाही.

रोज तीन ओळी. आज काय वेगळं झालं. ते का झालं असं वाटतं. उद्या काय बघायचं. 'आज काम ठीक झालं' असलं वाक्य लिहायचं नाही. आकडा, मशीन, वेळ, काम करणारा हात, जे असेल ते लिहायचं. माझ्या वहीतली एक नोंद अशी होती (बोअर म्हणजे नगातलं छिद्र, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, ऑफसेट म्हणजे मशीनला दिलेली मापातली दुरुस्ती, इन्सर्ट म्हणजे कापणारं, बदलता येणारं टोक):

'शुक्रवार, पहिली पाळी, मशीन ६. बोअर पहिल्या पंधरा नगांत १२ मायक्रॉन सरकला, मग स्थिर. ऑफसेट दोनदा दिला. इन्सर्ट नवीनच होता. उद्या बघू.'

दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. पुढच्या शुक्रवारी तीच नोंद. तिसऱ्या शुक्रवारी मी मागची पानं उलटली आणि प्रकाश पडला. आमच्या भागातल्या एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारभर मशीन थंड पडलेलं असायचं आणि शुक्रवारी सकाळी सातला ते सुरू करून आम्ही थेट नग काढायला लागायचो. स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, तापेपर्यंत माप सरकत राहायचं. ज्या काकांच्या हाताखाली मी सेटिंग शिकलो त्यांना हे ठाऊक होतं, पण त्या दिवसांत ते दुसऱ्या पाळीत असायचे आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. शुक्रवारी नग लावण्याआधी पंधरा मिनिटं स्पिंडल रिकामा फिरवायचा, एवढाच उपाय. साहेबांकडे वही घेऊन गेलो, तीन शुक्रवारांची तीन पानं दाखवली आणि त्याच आठवड्यात ती सूचना मशीनवर लागली.

यात हुशारी नव्हती. ते मशीन माझ्याआधी कित्येकांनी चालवलं होतं आणि सगळ्यांना शुक्रवारी त्रास व्हायचा. फक्त कोणाकडे तीन शुक्रवार एका जागी लिहिलेले नव्हते. माणसाच्या डोक्यात कालचं राहतं, तीन आठवड्यांपूर्वीचं राहत नाही.

वहीचं दुसरं काम चार्ज देणं-घेणं. पाळी बदलताना तोंडी सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी दोन पोचतात. वहीतल्या तीन ओळी वाचून दाखवा आणि समोरच्याला एकदा परत म्हणायला लावा. सुरुवातीला तो हसेल. महिन्याभरात तोच विचारेल, 'वही कुठंय?'

दर पंधरा दिवसांनी मागची पानं वाचायची. हे काम कंटाळवाणं आहे, तरी सोडू नका. नुसतं लिहून ठेवलेली आणि कधी न वाचलेली वही म्हणजे कुलूप लावून ठेवलेलं धान्य.

पायरी चौथी: चूक झाली तर त्याच पाळीत सांगा

हे मी सगळ्यात महागात शिकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

नोकरीला आठ महिने झाले होते. पहिली पाळी संपायला तासभर होता. बोअरिंगचा इन्सर्ट बदलला आणि ऑफसेट देताना ०.०२ च्या जागी ०.२० टाकला. इन्सर्ट बदलला की पहिला नग मोजायचा हा नियम मला तोंडपाठ होता, पण मागचा माल कमी पडला होता आणि हात चालत होता. अडतीस नग निघाले तेव्हा सहज प्लग गेज, म्हणजे छिद्राचं माप तपासायची दांडी, घातला. माप बरोबर असेल तर त्याची नो-गोची बाजू अडायला पाहिजे, ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

बोअर लहान राहिला तर परत कापता येतो. मोठा झाला की संपलं. अडतीस नग भंगारात.

मी ऑफसेट दुरुस्त केला. ते अडतीस नग एका बिनमध्ये भरले आणि रॅकच्या खालच्या कप्प्यात सरकवले. खराब मालाची लाल पट्टी लावली नाही, कारण लाल पट्टी लावली की नोंद होते. उद्या सकाळी लवकर येऊन काकांच्या कानावर घालू, मग बघू, असा विचार करून घरी गेलो. रात्रभर झोप लागली नाही, ते वेगळंच.

दुसऱ्या पाळीला माल कमी होता. त्यांनी रॅकमध्ये बिन बघितला, लाल पट्टी नाही म्हणजे चांगला माल असं समजले, आणि ते समजणं अगदी बरोबर होतं. नग धुवून, तेल लावून इतर मालात भरले गेले आणि रात्रीच्या टेम्पोने ग्राहकाकडे पोचले. मी सकाळी पावणेसातला रॅकपाशी उभा होतो तेव्हा कप्पा रिकामा होता. अकराच्या सुमारास ग्राहकाचा फोन आला. त्यांच्या प्रेसवर बुश (छिद्रात घट्ट बसवायची नळी) दाबायच्या आधीच बोटाने आत जात होता.

त्यानंतर आमचे तीन जण दीड दिवस ग्राहकाच्या स्टोअरमध्ये बसून एकेक नग गेजने तपासत होते. मीही त्यात होतो. अकराशे नग. अडतीसच्या अडतीस सापडले. त्यांची लाईन अर्धा दिवस दुसऱ्या मालावर फिरवावी लागली.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं तेव्हा ते ओरडतील अशी माझी खात्री होती. ते ओरडले नाहीत. म्हणाले, 'पॉइंट चुकला, तो कोणाचाही चुकतो. पण ते नग तिथे ठेवून तू घरी कसा गेलास?' याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्या संध्याकाळी मी सांगितलं असतं तर अडतीस नग गेले असते, अर्धा तास बोलणं बसलं असतं आणि रात्री झोप लागली असती. चुकीची किंमत ठरलेली होती. लपवण्याची किंमत तासातासाला वाढत गेली.

म्हणून ही सवय कशी लावायची ते नीट सांगतो. चूक दिसली की घाबरायला होतंच, त्यामुळे काय बोलायचं ते त्या वेळी सुचत नाही. वाक्य आधीच तयार ठेवा. माझं वाक्य हे आहे: 'साहेब, एक गडबड झालीय. एवढ्या नगांवर परिणाम आहे, ते इथे वेगळे ठेवलेत, पुढे गेलेले नाहीत. कारण मला असं वाटतं. आता काय करू?' आधी किती, मग कुठे, मग का. माफी शेवटी, आणि एकदाच. कारण सांगताना दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग त्याचा हात असला तरी. साहेब विचारतील तेव्हा खरं काय ते सांगा.

आणि सांगायला जाण्याआधी एक काम: माल अडवा. लाल पट्टी लावा, मशीन थांबवा, मेल असेल तर थांबवा. आधी धरण बंद करायचं, मग गावाला कळवायचं.

काही ठिकाणी खरं सांगणाऱ्यालाच झोडपतात हे मी बघितलं आहे. साहेब असा असेल तर त्याच्या आधी सेटर काका किंवा क्वालिटीतल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या. पण सांगायचं टाळू नका. आणि वर्षानुवर्षं तेच चालू असेल तर नोकरी बदलण्याचं ते पुरेसं कारण आहे.

पायरी पाचवी: विचारायचं कसं

डिप्लोमा किंवा डिग्री घेऊन आलेल्या मुलांना ऑपरेटरला विचारायची लाज वाटते. 'मी इंजिनियर, आणि आठवी पास माणसाला काय विचारू?' असं कोणी तोंडाने म्हणत नाही, वागण्यातून दिसतं. ज्या माणसाने पंचवीस वर्षं एका मशीनचा आवाज ऐकला आहे त्याला टूल कधी तुटणार हे आवाजावरून कळतं. ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. काका म्हणून हाक मारा, चहाला त्यांच्याबरोबर उभे राहा आणि विचारा. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, त्या दिवशी हार घालून फोटो काढून निघून जाऊ नका. मशीन पुसायला त्यांच्याबरोबर लागा. कोणता भाग का घासायचा ते त्या तासाभरात जेवढं कळतं तेवढं एरवी महिन्यात कळत नाही.

वरिष्ठांना विचारताना मात्र रिकाम्या हाताने जाऊ नका. 'साहेब, हे होत नाहीये' एवढंच म्हटलं की तुमचं काम त्यांच्या डोक्यावर गेलं. काय दिसलं, काय करून बघितलं, पुढे काय करावं वाटतं, ही तीन वाक्यं घेऊन जा. निम्म्या वेळा ही वाक्यं जुळवताना उत्तर आपल्यालाच सापडतं.

टोयोटात ताइइची ओनो यांनी रुजवलेली पाच वेळा 'का' विचारण्याची पद्धत तुम्हाला प्रशिक्षणात शिकवतीलच. ती वापरताना एक पथ्य पाळा. 'का'चं उत्तर माणसाच्या नावावर येऊन थांबलं तर तुम्ही वाटेत थांबला आहात. माझ्या अडतीस नगांचं उत्तर 'ट्रेनीने चूक केली' इथे थांबवता आलं असतं. ते पुढे नेलं म्हणून टूल बदलल्यावर पहिला नग क्वालिटीकडून तपासून सही घ्यायची, ती सही मिळेपर्यंत पुढचा नग काढायचा नाही, अशी पद्धत बसली.

पायरी सहावी: 'हे माझं काम नाही'

याबद्दल थोडक्यात. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत आपल्या कामाच्या एक पाऊल आधी आणि एक पाऊल पुढे काय होतं ते शिकून घ्या. नग तुमच्याकडे कुठून येतो आणि पुढे कुठे जातो हे बघायला एखादी जेवणाची सुट्टी खर्ची पडली तरी चालेल. त्यापलीकडे मात्र कोणीही, कधीही, काहीही सांगावं आणि तुम्ही हो म्हणावं, असं करू नका. हातात किती आहे ते सांगून 'यातलं आधी कोणतं करू?' असं विचारा. असं विचारणाऱ्याला उद्धट समजत नाहीत.

पायरी सातवी: शिकण्याचा अर्धा तास

निगडीहून चाकणला बसने जाता-येताना कितीतरी वेळ जातो. त्यातला जातानाचा अर्धा तास शिकण्याला द्या. येताना झोपा, हक्काने झोपा. दमलेल्या डोक्याला शिकवायला बसू नये.

काय शिकायचं? पुढच्या सहा महिन्यांत कामाला येईल असं एक. शॉपफ्लोअरवर असाल तर ड्रॉइंगवरच्या भौमितिक टॉलरन्सच्या, म्हणजे आकारात आणि जागेत किती फरक चालेल ते सांगणाऱ्या, खुणा नीट वाचायला शिका. वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही इथे अंदाजाने चालतात. ऑफिसात असाल तर एक्सेलमधलं पिव्होट टेबल, म्हणजे लांबलचक यादीतून गटवार बेरजा काढून देणारा तक्ता. आयआयटींनी मिळून चालवलेल्या 'एनपीटेल' आणि केंद्र सरकारच्या 'स्वयं' या संकेतस्थळांवर चांगल्या प्राध्यापकांचे वर्ग फुकट आहेत. फी फक्त परीक्षेला बसायची असेल तर लागते. हजारो रुपये भरून क्लास लावायच्या आधी तिथला एक अभ्यासक्रम पूर्ण करून दाखवा, स्वतःलाच.

इंग्रजीची भीती असलेल्यांसाठी, कारण मी त्यातलाच: बोलण्याच्या मागे आधी लागू नका, लिहिण्यापासून सुरू करा. रोज एक चार ओळींचा मेल. पहिल्या ओळीत काय हवं आहे ते, मग कारण, मग कधीपर्यंत. आमच्या क्वालिटीत एक ट्रेनी मुलगी होती, जत तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेली. ती ग्राहकाचे चांगले मेल वहीत उतरवून ठेवायची आणि त्यातली वाक्यं आपल्या मेलमध्ये वापरायची. दीड वर्षात ग्राहकाशी होणारा सगळा पत्रव्यवहार तिच्याकडे गेला. बोलणं त्यामागून आपोआप सुटलं.

पायरी आठवी: एप्रिलची तयारी मेमध्ये

एप्रिलमध्ये पगारवाढीची पत्रं वाटली की आठवडाभर कारखान्यात एकच विषय असतो, कोणाला किती. तेव्हा मन खट्टू होतं, माझंही झालं आहे. पण वर्षभराचं काम पंधरा मिनिटांत आठवून सांगायचं असतं आणि बहुतेकांना शेवटचे दोनच महिने आठवतात. साहेबांनाही तेवढेच आठवतात. इथे वही परत कामाला येते.

दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर एकच ओळ लिहा: या महिन्यात माझ्यामुळे काय सुधारलं. आकड्यात लिहा. 'मशीन ६ वर शुक्रवारचा रिजेक्ट बंद', 'गेज शोधण्यात जाणारा वेळ कमी, फळी लावली'. एखाद्या महिन्यात काहीच नसेल तर रेघ ओढा. बारा ओळी झाल्या की त्या एका कागदावर उतरवून साहेबांपुढे ठेवा. दुसऱ्याला किती मिळाले हा विषय तिथे काढू नका. 'पुढच्या वर्षी वरची जबाबदारी हवी असेल तर माझ्यात काय कमी आहे?' हे विचारा, आणि जे सांगतील ते त्यांच्यासमोरच वहीत लिहा. तीन महिन्यांनी तेच पान घेऊन परत जा. मी बघितलेल्या माणसांपैकी असं परत जाणारे फार थोडे होते, आणि साहेबांना ते लक्षात राहायचे.

सवय मोडते तेव्हा

ती मोडणार. बहुतेकदा तिसऱ्या पाळीत मोडते, किंवा घरात आजारपण असतं तेव्हा, नाहीतर गणपतीत. रात्रपाळीच्या आठवड्यात तीन ओळींचा हट्ट धरू नका. पहाटे पाचला डोळ्यांवर झापड असते, अक्षर धड येत नाही. अशा वेळी मी नुसती तारीख, पाळी आणि मशीनचा नंबर लिहायचो. काही पानांवर तेवढंच आहे, खाली पान कोरं. पुढच्या आठवड्यात पहिल्या पाळीला आलो की त्याच्या पुढच्या ओळीपासून सुरू करायचो. मधली कोरी जागा भरून काढायला बसायचं नाही, नवीन वहीही घ्यायची नाही. त्याच वहीत, त्याच पानावर.